मनगटावरील खडे आणि मनांतील भय

(मंडळींतील अभ्यासवर्गासाठीं पाठ)

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३५:१-४, यहेज्केल १३:१७-२३, १ पेत्र २:४-८.
मुखपाठासाठीं : स्तोत्र १२१.



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत मूर्तीपुढें हात जोडणारा ख्रिस्ती मनुष्य क्वचितच आढळेल. ती गोष्ट आपण बाप्तिस्म्याच्या वेळीं सर्वांसमक्ष सोडिली. परंतु सदऱ्याच्या बाहीखालीं, लुगड्याच्या पदराआड, किंवा तान्ह्या लेंकराच्या मनगटावर एखादा काळा दोरा, ताईत किंवा मणि राहून गेलेला पुष्कळदां दृष्टीस पडतो. पूर्वीं ही वस्तु देवऋषीकडून येत असे. अलीकडे ती बाजारांतूनहि येते. मुंबईपुण्यास कामाला गेलेला मुलगा नाताळाला घरीं येतो, तेव्हां त्याच्या हातांत रंगीत खड्यांचें कंकण असतें. हें घातल्यानें मन स्थिर राहतें, अंगांतील वाईट शक्ति ओढली जाऊन जमिनींत जिरते, नजर लागत नाहीं, असें दुकानदारानें त्याला सांगितलेलें असतें. वस्तु नवी आहे. तिच्यामागचा विश्वास मात्र फार जुना आहे.

ह्या पाठांत आपण तीन गोष्टींचा विचार करूं. ही चाल आली कोठून? खड्याच्या अंगीं रक्षण करण्याचें सामर्थ्य आहे काय? आणि ज्याला प्रभूनें विकत घेतलें आहे अशा मनुष्यानें ह्या बाबतींत कसें वागावें?

१. ही चाल किती जुनी आहे

मणि बांधून संकट टाळण्याची कल्पना ह्या देशांत अति प्राचीन आहे. अथर्ववेदांत मणि ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळ ठिकाणीं अंगावर बांधावयाची रक्षक वस्तु असाच आहे. तो मणि नेहमींच रत्नाचा असे असें नाहीं. वनस्पतीचा किंवा शंखाचाहि असे. त्या वेदाच्या दुसऱ्या कांडांत जंगिड नांवाच्या वनस्पतीचा मणि बांधण्याविषयीं सूक्त आहे, आणि चौथ्या कांडांतील दहावें सूक्त समुद्रांतून आलेल्या शंखमण्याविषयीं आहे. कालिदासाच्या शाकुंतल नाटकांत दुष्यंताचा लहान मुलगा सिंहाच्या छाव्याशीं खेळत असतां त्याच्या मनगटावरचें रक्षाकरंडक गळून पडतें, असा प्रसंग आहे. ह्यावरून दिसतें कीं, झोंपडींतील आईप्रमाणेंच राजघराण्यांतील आईलाहि लेंकराच्या जिवाची तीच काळजी होती आणि तिनेंहि तोच उपाय धरिला होता.

पुढें रत्नांचें एक स्वतंत्र शास्त्र वाढलें. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत हिरा, मोतीं, माणिक व पाच यांच्या परीक्षेवर अध्याय लिहिले, आणि चांगल्या रत्नानें राजाचें शुभ व वाईट रत्नानें अशुभ होतें असें मत मांडिलें. गरुडपुराणांतहि रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत. अल्लाउद्दिन खिलजीच्या काळीं दिल्लीस ठक्कुर फेरू नांवाच्या जैन अधिकाऱ्यानें १३१५ सालाच्या सुमारास रत्नांवर प्राकृत भाषेंत ग्रंथ रचिला. रत्नपरीक्षेच्या अशा ग्रंथांत रत्नांचीं उत्पत्तिस्थानें, रंग, दोष आणि किंमत यांविषयीं बरेंच उपयुक्त ज्ञान आहे, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आदर केला पाहिजे. परंतु त्यांच्याच पानांवर पारख आणि भाकीत हीं दोन्ही एकत्र मिसळलीं आहेत. खडा खरा आहे हें पारखी मनुष्य डोळ्यांनीं पाहून सांगूं शकतो. तो खडा शत्रूला दूर ठेवील हें मात्र तो कशावरून सांगतो?

ह्याच मार्गानें नवरत्नें नवग्रहांशीं जोडलीं गेलीं. माणिक सूर्याचें, मोतीं चंद्राचें, पोवळें मंगळाचें, पाच बुधाची, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा, अशी ही वांटणी आहे. ज्या ग्रहाची पीडा असेल त्याचा खडा अंगठींत, कंकणांत किंवा दंडावर घालावा, म्हणजे ग्रह शांत होतो असें ज्योतिषी सांगतात.

हें वाचून कोणी आपल्या पूर्वजांस हंसूं नये. ज्या काळीं देवी, पटकी आणि हिंवताप यांनीं घरेंच्या घरें ओस पडत आणि आईला आपलें मूल पांच वर्षांचें होईल कीं नाहीं हें ठाऊक नसे, त्या काळीं तिनें हाताला मिळेल त्या वस्तूचा आधार घेतला. तिची प्रीति खोटी नव्हती. आधार मात्र पोकळ होता.

तसेंच ही चूक केवळ हिंदुस्थानांतील लोकांचीच आहे असेंहि कोणी समजूं नये. चौथ्या शतकांत लावदिकिया येथें भरलेल्या सभेला पाळकवर्गांतील लोकांनीं ताईत करूं नयेत असा नियम करावा लागला. ह्याचा अर्थ उघड आहे : कांहीं पाळकच ते करीत होते. क्रिसोस्तोम ह्या विद्वान उपदेशकानें लेंकरांच्या हातांत घुंगरू आणि तांबडा धागा बांधणाऱ्या ख्रिस्ती आयांस आपल्या प्रवचनांत दोष दिला आहे, आणि आगस्तीननेंहि अंगावर बांधावयाच्या अशा वस्तूंचा निषेध केला आहे. पाश्चात्य देशांत जन्ममहिन्याप्रमाणें खडा घालण्याची जी चाल आहे, तिची हल्लीं प्रचारांत असलेली यादी १९१२ सालीं अमेरिकेंतील जवाहिऱ्यांच्या संघानें ठरविली. ज्या यादीला लोक प्राचीन गूढ समजतात, ती व्यापाऱ्यांच्या सभेंत मंजूर झालेली आहे.

२. खडा म्हणजे काय

देवानें पृथ्वीच्या पोटांत जें घातलें आहे तें समजून घेणें हें भक्तीच्या विरुद्ध नाहीं. म्हणून खडे कशाचे झालेले आहेत हें पाहूं.

माणिक, नीलम आणि पिवळा पुष्कराज हे तिन्ही एकाच खनिजाचे प्रकार आहेत. त्या खनिजाला आपण कुरुंद म्हणतों. हत्यारांस धार लावण्याकरितां ज्या कुरुंदाचा उपयोग करितात, त्याचीच हीं स्वच्छ व सुंदर रूपें होत. त्यांत क्रोमियम नांवाच्या धातूचा अल्पसा अंश मिसळला म्हणजे तो तांबडा होऊन माणिक म्हणवितो. लोखंड व टायटॅनियम यांचा अंश मिसळला म्हणजे निळा होऊन नीलम म्हणवितो. आतां ज्योतिषी असें सांगतात कीं, सूर्य आणि शनि हे एकमेकांचे शत्रु आहेत, म्हणून माणिक व नीलम एकाच हातांत घालूं नयेत. परंतु पृथ्वीच्या पोटांत तर हे दोघे सख्खे भाऊ आहेत!

हिरा हा शुद्ध कर्ब आहे. चुलींतील कोळसा ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याचा तो आहे. पुरेशा उष्णतेंत तो जळूनहि जातो. मोतीं आणि पोवळें हीं तर खडेच नव्हेत. समुद्रांतील जीवांनीं तीं घडविलीं, आणि ज्या शिंपल्या भाजून कोंकणांत चुना करीत, त्यांच्याच द्रव्याचीं तीं मुख्यतः बनलेलीं आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळांत सांपडणाऱ्या गारगोट्या, अकीक आणि जांभळे स्फटिक हेहि तसेच. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं येथें ज्वालामुखीचा रस पसरला. त्यांत राहिलेल्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली द्रव्यें हळूहळू सांठत गेलीं आणि त्यांचे हे स्फटिक झाले. शेतकरी नांगरतांना जी गारगोटी बांधावर फेंकून देतो, तिच्याच जातीचा खडा घासून, भोंक पाडून व दोऱ्यांत ओंवून शहरांतील दुकानांत रक्षाकंकण म्हणून मिळतो.

फ्रान्समधील व्हर्न्यूय नांवाच्या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं भट्टींत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. तें माणिक द्रव्यानें, रंगानें व कठीणपणानें खाणींतील माणकासारखेंच असतें. मग सूर्याचें तेज त्यांतहि उतरतें काय? नाहीं म्हणावें तर दोहोंचें द्रव्य एकच आहे. होय म्हणावें तर मनुष्य भट्टीजवळ बसून ग्रहांचीं सामर्थ्यें निर्माण करूं लागला असें होईल.

ग्रहांचीहि हीच गोष्ट. सूर्य हा तारा आहे, चंद्र हा पृथ्वीभोंवतीं फिरणारा उपग्रह आहे, आणि राहू व केतु हे मुळीं गोलच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या दिसणाऱ्या वाटेला ज्या दोन ठिकाणीं छेदते, त्या बिंदूंचीं तीं नांवें आहेत. उलटपक्षीं युरेनस हा ग्रह १७८१ सालीं आणि नेपच्यून १८४६ सालीं सांपडला. हे दोन खरे ग्रह असून नवग्रहांत त्यांस स्थान नाहीं.

साडेसातीचें भय आपल्या खेड्यांत विशेष आहे. शनीला सूर्याभोंवतीं एक फेरा करावयास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. तो एका राशींत सुमारें अडीच वर्षें राहतो, आणि आपल्या राशीच्या मागची, आपली व पुढची अशा तीन राशींत तो असेपर्यंत साडेसाती मानितात. ह्याचा हिशेब करा. कोणत्याहि दिवशीं बारा राशींपैकीं तीन राशींचे लोक साडेसातींत असणारच. आणि ज्याला साठ वर्षांचें आयुष्य लाभलें, त्याची सुमारें पंधरा वर्षें साडेसातींत जाणार. पंधरा वर्षांत एखादा बैल मरणार नाहीं, एखादें पीक बुडणार नाहीं, घरांत कोणी आजारी पडणार नाहीं, असें कोणाचें आयुष्य आहे? दुःख आलें कीं शनीचें नांव पुढें येतें. सुखाचे दिवस कोणी मोजीत नाहीं.

कोणी म्हणेल, पण कंकण घातल्यापासून मला खरोखर बरें वाटतें. त्याला खोटें म्हणण्याचें कारण नाहीं. लंडन येथील मानसशास्त्रज्ञांनीं २००१ सालीं कांहीं लोकांच्या हातीं खरे स्फटिक आणि कांहींच्या हातीं खोटे स्फटिक दिले. ऊब वाटली, मन शांत झालें, अंगांत शक्ति आली, असें सांगणारे दोन्ही गटांत सारखेच निघाले. म्हणजे बरें वाटलें हें खरें. परंतु तें खड्यामुळें वाटलें हें खोटें. मनुष्य थोडा वेळ स्वस्थ बसला, श्वास सावकाश घेऊं लागला, आणि आतां आपलें बरें होईल अशी त्याला आशा वाटली, म्हणजे मन निवतें. त्यासाठीं दगडाचे आभार मानण्याचें कारण नाहीं.

३. ह्या रक्षणाची किंमत कोण देतो

खड्यांचे मणी घडविणाऱ्यांकडे आतां पाहूं. गुजराथेंत खंभात हें शहर अकीकाच्या कामाविषयीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. भडोचजवळील रतनपूर भागांतून कच्चा दगड येतो, तो भाजून तांबडा करितात, मग तासून, घासून व भोंक पाडून मणी तयार होतात. ही कला अति प्राचीन आहे. त्याच बाजूस लोथल येथें सिंधु संस्कृतीच्या काळचा मणी घडविण्याचा कारखाना सांपडला आहे, आणि सिंधूकडील अकीकाचे मणी दूर इराकांत ऊर येथील राजांच्या थडग्यांतहि मिळाले आहेत.

परंतु दगड घासतांना जी बारीक धूळ उडते ती कारागिराच्या फुप्फुसांत जाऊन बसते. तिच्यापासून सिलिकोसिस नांवाचा रोग होतो. त्यांत श्वास लागूं लागतो, छाती कठीण होत जाते, क्षयरोग लौकर जडतो, आणि बिघडलेलें फुप्फुस पुन्हा पूर्ववत् करणारें औषध नाहीं. काम पुष्कळदां घरींच चालत असल्यामुळें बायकांमुलांसहि ती धूळ बाधते. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें ह्या कारागिरांच्या तपासण्या करून हा रोग नमूद केला आहे. बंधुजनहो, हें लक्षांत घ्या. जो मणि घालणाऱ्याचें रक्षण करितो असें सांगतात, त्यानें आपल्या घडविणाऱ्याचेंहि रक्षण केलें नाहीं. खड्याच्या अंगीं कांहीं शक्ति असती, तर ती दिवसभर खडे हातांत घेऊन बसणाऱ्याला सर्वांआधीं मिळाली नसती काय?

दुसरी किंमत घेणाऱ्याला द्यावी लागते. मजुरीनें पोट भरणारा मनुष्य नीलमासाठीं कर्ज काढितो. त्या पैशांत मुलाची शाळा, पत्नीचें औषध किंवा बियाणें झालें असतें. आणि सर्वांत मोठी किंमत वेळेची आहे. लेंकराला ताप भरला असतां पहिला दिवस दोरा आणण्यांत, दुसरा तो फळाला येण्याची वाट पाहण्यांत आणि तिसरा दुसऱ्या भगताकडे जाण्यांत गेला, म्हणजे चवथ्या दिवशीं डॉक्टरच्या हातीं पुष्कळदां कांहीं उरत नाहीं. साप चावला असतां तर घटकेघटकेस किंमत आहे. म्हणूनच सरकारनें १९५४ सालच्या कायद्यानें ताईत, मंत्र, कवच इत्यादिकांनीं रोग बरा होतो अशा जाहिरातींवर बंदी घातली. आणि महाराष्ट्रांत २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणें कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणें हा गुन्हा आहे. ह्या कामीं आपल्या देशांतील सुज्ञ लोकांनींहि पुष्कळ श्रम केले आहेत. गाडगे महाराजांनीं (१८७६-१९५६) हातांत खराटा घेऊन गांवोगांव कीर्तनांतून नवससायासांवर व पशुबळींवर कोरडे ओढिले. जें सत्य आहे तें कोणाच्याहि मुखांतून आलें तरी आपण तें मान्य केलें पाहिजे.

४. पवित्र शास्त्र काय शिकवितें

(अ) याकोबाचें घराणें. याकोब बेथेलास जाऊन वेदी बांधणार होता. तेव्हां त्यानें आपल्या घरच्या मंडळीस परके देव दूर करावयास सांगितलें. त्यांनीं देव तर दिलेच, परंतु कानांतील कुंडलेंहि दिलीं, आणि याकोबानें तीं सर्व शखेमाजवळच्या झाडाखालीं पुरून टाकिलीं (उत्पत्ति ३५:४). कुंडलें कां दिलीं? तीं केवळ शोभेचीं असतीं तर देवांबरोबर पुरावयाचें कारण नव्हतें. मूर्ति गेली आणि ताईत राहिला, तर अर्धें मन मागेंच राहतें, हें त्या घराण्यानें ओळखिलें.

(आ) यहेज्केलाच्या काळच्या स्त्रिया. आपल्या विषयाला हा उतारा फारच लागू आहे. कांहीं स्त्रिया लोकांच्या हातांस बांधावयाच्या वस्तु शिवून देत आणि मूठभर जवांसाठीं व भाकरीच्या तुकड्यांसाठीं जिवांची शिकार करीत. देव म्हणतो कीं, मी त्या वस्तु तुमच्या बाहूंवरून फाडून टाकीन आणि धरलेल्या जिवांस पांखरांसारखें मोकळें सोडीन (यहेज्केल १३:१८-२०). देवाचा राग दोऱ्यावर नाहीं. ज्या भयानें दोरा विकला जातो आणि ज्या भयानें जीव बांधला जातो, त्यावर तो राग आहे. गंड्याची गांठ मनगटावर दिसते, पण ती आवळते मनाला.

(इ) अहरोनाचा ऊरपट. कोणी विचारील कीं, प्रमुख याजकाच्या छातीवर बारा रत्नें नव्हतीं काय? होतीं (निर्गम २८:१७-२९). परंतु त्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांचीं नांवें कोरिलेलीं होतीं. अहरोनानें आपल्या लोकांस हृदयावर धारण करून देवासमोर न्यावें, म्हणून तीं होतीं. अहरोनाचें संकट टाळण्यासाठीं नव्हतीं. रत्न देवाच्या हातचें काम आहे. तें शोभेस, आठवणीस व प्रीतीची खूण म्हणून योग्य आहे. तारणारा म्हणून तें योग्य नाहीं.

(ई) कराराचा कोश आणि पितळी साप. ह्या दोन वस्तु तर देवाच्याच आज्ञेनें झालेल्या होत्या. तथापि इस्राएलानें मनांतील पाप न सोडितां कोश ताइतासारखा रणांत नेला, तेव्हां तीस हजार पायदळ पडलें आणि कोशहि शत्रूच्या हातीं गेला (१ शमुवेल ४). आणि ज्या पितळी सापाकडे पाहून अरण्यांत लोक वांचले, त्यालाच पुढें लोक धूप जाळूं लागले, तेव्हां हिज्कीया राजानें त्याचा चुराडा केला (२ राजे १८:४). देवानें दिलेली वस्तूहि ताईत झाली म्हणजे ती मोडून टाकण्यास योग्य होते.

(उ) इफिस येथील मंडळी. तेथील विश्वास धरणाऱ्यांनीं आपण होऊन आपलीं कृत्यें पदरीं घेतलीं आणि जादूचीं पुस्तकें सर्वांदेखत जाळिलीं. त्यांची किंमत पन्नास हजार रुप्याचीं नाणीं भरली (प्रेषितांचीं कृत्यें १९:१८-२०). तीं विकून पैसे मंडळीला देतां आले असते, परंतु जें आपल्याला बंधन होतें तें त्यांनीं दुसऱ्याच्या गळ्यांत घातलें नाहीं. पौलहि कलस्सैकरांस लिहितो कीं, ख्रिस्तानें सर्व सत्तांस व अधिकारांस वधस्तंभावर जिंकून त्यांचें उघड प्रदर्शन केलें (कलस्सै २:१५). ज्यांस त्यानें निःशस्त्र केलें त्यांच्यापुढें आपण दगडाची ढाल धरून कां उभें राहावें?

५. शंका आणि उत्तरें

समजा, उपदेशक एका घरीं गेला. आजीनें नातवाच्या हाताला काळे मणी बांधले आहेत. ती म्हणते, "मास्तर, माझ्या सासूनें बांधले, तिच्या सासूनें बांधले. दोऱ्यानें काय बिघडतें?" त्यानें शांतपणें उत्तर द्यावें, "आजी, दोऱ्यानें कांहीं बिघडत नाहीं आणि कांहीं सुधारतहि नाहीं. पण मला एवढें सांगा, आज रात्रीं तो तुटून पडला तर तुम्हांला झोंप येईल काय?" बहुधा ती गप्प बसेल. मग त्यानें म्हणावें, "तर मग नातवाला राखतो कोण, आजी? दोरा कीं प्रभु? प्रभु राखीत असेल, तर दोरा तुटल्यानें त्याचा हात तुटत नाहीं." एवढें बोलून त्यानें लेंकरासाठीं प्रार्थना करावी आणि निघतांना त्याला लस टोंचली आहे कीं नाहीं हेंहि विचारावें.

मग दागिनाच घालूं नये काय? असें शास्त्र सांगत नाहीं. बांगडी, अंगठी किंवा साधी माळ शोभेसाठीं घालावयास हरकत नाहीं; मर्यादा मात्र असावी. आपल्या स्त्रिया मंगळसूत्र घालितात तेंहि विवाहाची खूण म्हणून. त्यांतील काळे मणी नजरेसाठीं आहेत असें मानूं नये, म्हणजे झालें. दागिना आणि ताईत यांतील भेद ओळखण्यास तीन प्रश्न पुरे आहेत. ही वस्तु हरवली तर मला हळहळ वाटेल कीं भीति वाटेल? पाळक घरीं आले म्हणजे मी ती झांकतों काय? आणि ती मला आवडली म्हणून मीं घेतली, कीं घेतली नाहीं तर वाईट होईल असें कोणीं सांगितलें म्हणून घेतली?

गळ्यांतील क्रूस चालेल काय? साक्ष म्हणून चालेल. परंतु क्रूस गळ्यांत आहे म्हणून गाडी उलटणार नाहीं, किंवा उशाखालीं शुभवर्तमान ठेविलें म्हणून वाईट स्वप्न पडणार नाहीं, असें मानणें म्हणजे ताइताला केवळ नवें नांव देणें होय. शास्त्र उशाखालीं ठेवावयास दिलेलें नाहीं, उघडून वाचावयास दिलेलें आहे.

रक्तस्रावी स्त्री प्रभूच्या वस्त्राला शिवून बरी झाली, तेव्हां वस्त्रांत शक्ति नव्हती काय? त्या गर्दींत पुष्कळांचे हात त्या वस्त्राला लागले होते. प्रभूनें तिला समोर बोलावून तिच्या विश्वासाचें नांव घेतलें (मार्क ५:३४). त्यानें तिच्या हातीं वस्त्राचा तुकडा दिला नाहीं. शांति देऊन तिला घरीं पाठविलें.

६. उपदेशकांस व बायबल-बायांस सूचना

पहिली : कोणाचाहि ताईत आपल्या हातानें तोडूं नका. भय मनांत राहिलें आणि दोरा तेवढा गेला, तर ती स्त्री उद्यां दुसरा आणून तो अधिक खोल लपवील. समजूत पटली म्हणजे तिनें आपल्याच हातानें काढावा, आणि त्या वेळीं तुम्ही तिच्याजवळ बसून प्रार्थना करावी.

दुसरी : त्याच्या जागीं कांहीं तरी खरें द्या. रिकामी जागा रिकामी राहत नाहीं. आजारी लेंकराला घेऊन दवाखान्यांत जा, रात्रीं समाचार घ्यावयास या, स्तोत्र १२१ त्या घरास पाठ करवा. त्या स्तोत्रांत दिवसा सूर्याची व रात्रीं चंद्राची बाधा होणार नाहीं असें अभिवचन आहे. ज्यांस ग्रहांचें भय वाटतें त्यांस तें मोठें औषध आहे.

तिसरी : शेजाऱ्यांच्या चालींची चेष्टा करूं नका. ज्याला आपण हंसतों तो आपलें ऐकत नाहीं.

चवथी : आधीं आपलें घर पाहा. उपदेशकाच्या मुलाच्या हातांत दोरा असला, तर व्यासपीठावरून केलेलें प्रवचन फुकट जातें.

पांचवी : प्रभूच्या नांवानें असें कधींहि सांगूं नका कीं, ताईत काढल्यावर दुःख येणारच नाहीं. दुःख येईल. ताईत काढलेल्या घरींहि लेंकरूं मरेल आणि गांवांतील लोक बोट दाखवितील. त्या दिवशीं मंडळीनें त्या आईला एकटें सोडूं नये. आपला विश्वास दुःख टाळण्याचा सौदा नाहीं. मरणाच्या छायेच्या दरींतहि जो सोबत असतो, त्याचा हात धरणें हा आपला विश्वास आहे.

७. सारांश

मनाला स्थैर्य हवें असें वाटणें हें पाप नव्हे. मनुष्य मातीचा आहे, वाऱ्यानें हालतो, आणि त्याला पाय टेंकावयास कांहीं तरी पक्कें लागतें. स्तोत्रकर्त्यानेंहि चिखलांतून काढून खडकावर पाय ठेविल्याबद्दल देवाची स्तुति केली आहे (स्तोत्र ४०:२). प्रश्न एवढाच आहे कीं, आपण दगडाला धरितों, कीं खडक आपल्याला धरितो. मनगटावरचा खडा आपणच वाहून नेतों. दोरा तुटला कीं तो धुळींत पडतो. परंतु पेत्र ज्या जिवंत धोंड्याविषयीं लिहितो, त्याला मनुष्यांनीं नाकारिलें तरी देवाला तो मोलवान् आहे, आणि त्यावर विश्वास ठेवणारा फजीत होत नाहीं. तोच खरा रत्नमणि आहे. तो विकत मिळत नाहीं, कारण त्यानेंच आपल्याला विकत घेतलें आहे.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

१. याकोबाच्या घराण्यानें मूर्तींबरोबर कुंडलेंहि कां दिलीं?
२. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे आहेत, ह्यावरून ग्रहांच्या खड्यांविषयीं काय सिद्ध होतें?
३. अहरोनाच्या ऊरपटावरील रत्नें आणि ताईत यांत भेद कोणता?
४. आपल्या मंडळींत लेंकराच्या जन्मापासून मरणापर्यंत कोणकोणत्या वेळीं दोरे, मणी किंवा अंगारा वापरितात? प्रत्येक प्रसंगीं त्याऐवजीं मंडळीनें काय करावें?
५. ताईत काढल्यावर एखाद्या घरीं दुःख आलें, तर मंडळीनें त्या घराशीं कसें वागावें?

प्रार्थनेचा विषय : भयानें बांधलेले जीव मोकळे व्हावे म्हणून; आणि दगडाच्या धुळींत काम करून ज्यांची छाती भरली आहे, त्या कारागिरांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं.